वाकड्या शेपटीचे बोंबील

मालूचे बोंबील शेपटीकडे वाकडे सुकतात. आमच्या वाळूपाड्यात हे लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि त्यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. तिची वलांडी खळ्याच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या वाळूच्या पट्ट्याच्या, अगदी टोकाला, समुद्राकडच्या अंगाला आहे. वलांडी म्हणजे बांबूंची उभी चौकट, तिला आडव्या दोऱ्या. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर टाकायचे. टोकाला असल्यामुळे पश्चिमेचा वारा पहिला मालूच्या बोंबलांना लागतो आणि ओल्या शेपट्या एकाच दिशेला वळून तशाच कडक होतात. बाजारात एखादं गिऱ्हाईक विचारतं, "हे असे वाकडे का गं?" तर मालू म्हणते, "तुम्हाला बघायला वळलेत." आणि टोपली पुढे सरकवते.

ती टोकाची जागा गेली तर मालूकडे दुसरं काहीही नाही. या महिन्यात ती जाता जाता राहिली. तिच्यावर ही वेळ आली ती माझ्या मुलीमुळे. म्हणून हे लिहून काढते आहे. घरात सगळे झोपलेत आणि मला झोप येत नाही, हेही एक कारण आहे.

मालू आमच्या पाड्याची लेक. तिचं लग्न उंबरगावच्या बाजूला झालं होतं. नवऱ्याने घरात दुसरी आणली त्या दिवशी ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन परत आली. चंदरने, तिच्या भावाने, मागची खोली दिली. पण खोलीने पोट भरत नाही. आमच्याकडे खळ्यावरची जागा घराची असते आणि ती सासूकडून सुनेकडे जाते. परत आलेल्या लेकीला जागा नसते. तेव्हा सोनीबाईने, म्हणजे आमच्या सोनीकाकीने, जिच्या शब्दावर खळं चालतं तिने, वाळूच्या टोकाकडे बोट दाखवलं. "तिथे कुणी घालत नाही. तू घाल."

कुणी घालत नाही, कारण तिथे समुद्राचे तुषार येतात, कुत्री आधी तिथे पोहोचतात, आणि ढग आला की पाऊस पहिला तिथे पडतो. मालूने बांबू उभे केले. ती जागा दिलेली होती, हक्काची नव्हती, हे ती विसरली नाही. कुणी तिला विसरूही दिलं नाही.

खळ्याचे दोन नियम आहेत. पहिला राखणीचा. बोंबील वलांडीवर असेपर्यंत ते घालणाऱ्या आठही जणींनी पाळीपाळीने तिथे बसायचं, कावळे-कुत्री हाकलायची, आणि समुद्रावर ढग दिसला की तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बडवायचा. दुसरा नियम डबा वाजल्यानंतरचा. सगळ्यांनी धावत यायचं आणि समुद्राकडून सुरुवात करायची. बोंबील कुणाचे ते बघायचं नाही. सगळ्यांनी मिळून पहिली वलांडी रिकामी करायची, मग दुसरी, मग तिसरी. म्हणजे पावसात सगळ्यात आधी वाचायचे ते मालूचे बोंबील.

याची भरपाई मालू स्वतःच करत होती. शेजारच्या वलांडीवाल्या भिकीचं पोर आजारी पडलं, मालू तिच्या पाळीला बसली. कुणाला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायचंय, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, मालू बसली. "जा गो, मी आहेच." हे तिचं वाक्य इतकं नेहमीचं झालं होतं की पाळी चुकवणारी बाई तिला विचारायची पण नाही, नुसती हात हलवून जायची. मंगळवारी तळासरीच्या बाजूला पाड्यापाड्यांत टोपली घेऊन फिरायची, तेवढा एक दिवस ती खळ्यावर नसे.

माझी ओळखही इथेच करून देते. मी या पाड्याची सून. बी.ए. केलं, डहाणूत एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. सासूबाई गेल्यापासून त्यांची खळ्यावरची जागा, अगदी मधली, वाऱ्याला आणि तुषारांना लांबची, माझ्या नावाची आहे. मी तिथे कधी बोंबील घातले नाहीत. जागा तशीच पडून आहे. जतीन, माझा नवरा, बोटीवर असतो. आमची निलम एकुलती एक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिची मला सतत काळजी लागून असते. ती हसते मला, म्हणते, "आई, तू काळजी करतेस म्हणून बाबांची बोट तरंगते का?"

निलमच्या सरांनी प्रकल्प दिला होता. लोक एकत्र काही देतात तेव्हा कोण किती देतं आणि का देतं, हे खेळ खेळून बघायचं. प्रत्येकाला दहा वस्तू द्यायच्या. प्रत्येकाने त्यातल्या हव्या तेवढ्या लपवून सामाईक पेटीत टाकायच्या, उरलेल्या स्वतःकडे ठेवायच्या. पेटीत जमेल त्याच्या दुप्पट करायचं आणि सगळ्यांत सारखं वाटायचं. न देणाऱ्यालाही तेवढाच वाटा. सगळ्यांनी सगळं दिलं तर सगळ्यांचा फायदा, पण दुसऱ्यांनी द्यावं आणि आपण ठेवावं यात एकट्याचा फायदा जास्त. पुस्तकात न देणाऱ्याला जो शब्द आहे त्याला निलमने मराठीत 'फुकटे' लिहिलं होतं.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मासळी भरपूर होती. ती कॅरमच्या सोंगट्या घेऊन खळ्यावर गेली. मी रजेवर होते, तिच्याबरोबर गेले. आठही जणी वाळूत बसल्या.

सोनीकाकीने एक सोंगटी उचलून दाताखाली धरून पाहिली. "ही घरी नेऊन काय शिजवू गो?"

"काकी, सोंगटी म्हणजे नुसती खूण. खेळ आहे."

"खेळायचंय तर बोंबलांनी खेळू. आपापले दहा आणू. लाकडाच्या चकतीसाठी कुणाचा जीव तुटणार आहे?"

सगळ्या हसल्या. निलमला ते एकदम पटलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोबर आहे, आई. खरी वस्तू हवी." दुप्पट करायला तिने बाजारातून सुक्या बोंबलांचं एक पोतं आणवलं. एक मोठी टोपली मध्ये ठेवली, तिच्यावर जुनं लुगडं पसरलं. प्रत्येकीने पदराखाली आपले दहा घेऊन यायचं, लुगड्याखाली हात घालायचा, हवे तेवढे टाकायचे, बाकीचे पदरात घेऊन परत जायचं.

"कुणी किती टाकले ते मलासुद्धा कळणार नाही," निलम म्हणाली. "शप्पथ."

तिने हे मनापासून सांगितलं होतं. आणि त्या क्षणी खळ्यावर बसलेल्या दहा बायकांपैकी, माझ्यासकट, एकीच्याही डोक्यात आलं नाही की त्या टोपलीत एका घराचे बोंबील न विचारता ओळखता येतात.

एकेक जण उठून गेली. भिकी जाताना म्हणाली, "माझे नका खाऊ गो सगळे." मालू शेवटून दुसरी गेली. तिचा हात लुगड्याखाली बराच वेळ राहिला, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं की नाही, ते खात्रीने सांगता येत नाही. निलमने टोपली बाजूला नेली, आतले मोजले, पोत्यातून तेवढेच वर घातले, ढवळले आणि वाटायला आणले. प्रत्येकीपुढे आठ आले.

सोनीकाकीने आपले आठ हातात घेऊन उलटसुलट केले. मग शेजारणीचे बघितले. मग भिकीचे. तिचं बघणं आम्हाला हळूहळू कळत गेलं. वलांडीवर दोऱ्या वाऱ्याने करकरत होत्या, तेवढाच आवाज.

"मालू," काकी म्हणाली, "तुझा एकपण नाही दिसत."

मालू खाली बघून वाळू सारखी करत राहिली.

"सरळ शेपटीचेच आहेत सगळे. बघा गो, कुणाकडे वाकडा आलाय का?"

बायकांनी आपापले बघितले. कुणाकडे नव्हता. निलम पुढे सरकली. "काकी, हे असं बघायचं नसतं. हा खेळ..."

"खेळच आहे ना? मग बघितलं तर काय झालं?" काकी उठली, पदर झटकला. "पावसात आम्ही आधी हिचे काढतो. आपले भिजत ठेवून. आणि हिला दहातला एक सुटला नाही."

मालूने मान वर केली. ती उठली, आपले आठ वाटलेले बोंबील जागेवरच ठेवून, पदरातले दहा घेऊन घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सोनीकाकीने खळ्यावर सांगितलं की आता डबा वाजला की ज्याने त्याने आपापले काढायचे. "समुद्राकडून वगैरे काही नाही. ज्याचं त्याने बघावं." मालूला कुणी जा म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. एका बाईने तिकडे धावून पोचेपर्यंत टोकाची वलांडी भिजणारच. एकदोन वेळा माल गेला की ती आपणच बांबू उपटेल, हे सगळ्यांना कळत होतं. तिलाही.

मालूने एकच केलं. दुसऱ्यांच्या पाळ्या घेणं बंद केलं. आपल्या पाळीला बसायची, संपली की उठून जायची. भिकीने नेहमीसारखा हात हलवला तर मालू तिच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कोण बसणार आहे?" भिकीला बसावं लागलं. मग पुढच्या वेळी भिकी आलीच नाही. ती नाही तर मी का, असं म्हणून तिसरी उशिरा आली. खळ्यावर कधी कुणी नसे आणि कावळे माजले.

निलम तेव्हापासून जेवत नव्हती नीट. एका संध्याकाळी ती वही मिटून माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, टोपलीत बत्तीस होते."

"म्हणजे?"

"आठजणी, ऐंशी बोंबील. टोपलीत बत्तीस पडले. मालूआतेचे दहा सोडून दे. बाकीच्या सात जणींकडे सत्तर होते. त्यांनी पण निम्म्याहून जास्त ठेवून घेतले, आई. फक्त त्यांचे ओळखू येत नाहीत. पोत्यातल्यांसारखेच सरळ."

मला ते लगेच समजलं. "हे तू कुणाला बोलली नाहीस ना?"

"उद्या खळ्यावर सांगणार आहे."

"नाही सांगायचं."

"का?"

"काय सांगशील? की तुम्ही सगळ्या तशाच? सोनीकाकीच्या तोंडावर? उद्यापासून त्या एकमेकींकडे कशा बघतील? आपल्याला इथेच राहायचंय, निलम. तुझे बाबा त्यांच्या मुलांबरोबर बोटीवर जातात."

"आणि मालूआते?"

मी भाजी परतत राहिले. मोबाइलवर हवामानाचा इशारा आला होता, अवकाळीचा. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी मालूपेक्षा माझ्या मुलीची काळजी जास्त होती. खळ्यावरच्या बायका एकदा का एखाद्या पोरीबद्दल बोलायला लागल्या की तिच्या लग्नापर्यंत बोलतात.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालूकडे गेले. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर टोपलीचं बूड विणत बसली होती.

"या वहिनी. मुलीने पाठवलं की आपणहून आलात?"

"मीच आले." मी बसले. "मालूताई, ती फार रडते. तिने मुद्दाम नाही केलं."

"मला ठाऊक आहे ना. पोर चांगली आहे." तिने बांबूची कामटी दाताने सोलली. "विचारा. विचारायलाच आलात ना, का नाही टाकले म्हणून?"

मी मान हलवली.

"लुगड्याखाली हात घातला तेव्हा टाकणारच होते. सगळे दहा. नेहमीसारखं. मग वाटलं, कुणी बघत नाहीये." तिने कामटी खाली ठेवली. "वहिनी, मी आल्यापासून कुणी बघत नाहीये असं कधी झालंच नाही. मी कुणाच्या पाळीला बसते, ते सगळ्या बघतात. सणाला कुणाकडे वाटी पोचवते, ते बघतात. एक दिवस नाही पोचवली तर तेही बघतात. तुमची जागा तुमची आहे, तुम्ही दिलंत काय, नाही दिलंत काय. मी दिलं नाही तर मी कोण? त्या दिवशी वाटलं, हा हात माझा आहे. काढून घेतला."

"मग त्या दहांचं काय केलंत?"

"कालवण केलं. चिंच घालून. एकटीने खाल्लं." ती पहिल्यांदा हसली. "चंदरला पण नाही दिलं. मस्त झालं होतं."

मी पण हसले. "समजा पुन्हा खेळलात तर?"

"बाकीच्या किती टाकतात ते आधी दाखवा, मग सांगते."

मी तिला बत्तीसचं सांगावं का, असं मनात येऊन गेलं. सांगितलं नाही. परत येताना स्वतःचाच राग आला, पण रागाने पाय काही मागे वळले नाहीत.

ढग आला तो रविवारी, सकाळी. मी घरी होते. निलम खळ्यावर गेली होती. जाऊ नको म्हटलं तरी रोज जायची, मालूच्या वलांडीपाशी उभी राहायची. पाळी भिकीची होती आणि भिकी नव्हती.

पुढचं निलमने सांगितलं ते असं. मालू आपल्या वलांडीवरचे बोंबील उलटे करत होती. तिने समुद्राकडे बघितलं, हात थांबला, आणि ती घाईघाईने आपले काढायला लागली. निलमने तिकडे बघितलं तर क्षितिजावर शाईसारखी पट्टी आणि तिच्या खालचं पाणी पांढरं.

"आते, डबा!"

"पाळी माझी नाही."

"आते, सगळ्यांचे जातील!"

"जाऊ देत ना. ज्याचं त्याने बघावं, असं ठरलंय." हात चालूच होते. मग तेवढ्याच हलक्या आवाजात, "तुला वाजवायचा तर वाजव. तुला कुणी नाही म्हटलंय?"

निलमने डबा बडवला. तो आवाज ऐकून मी गॅस बंद करून धावले. पाऊस अजून नव्हता पण वारा पोचला होता, वाळू चावत होती. बायका घरांतून पळत येत होत्या आणि प्रत्येक जण आपापल्या वलांडीकडे वळत होती. मी हे आधी कितीतरी वेळा ओटीवरून बघितलं होतं, सगळ्या एकीकडे धावतात आणि पदरांची रांग समुद्राकडून पुढे सरकते. आज आठ बायका आठ दिशांना. सोनीकाकी मागच्या रांगेतल्या आपल्या वलांडीवर दोन्ही हातांनी बोंबील ओरबाडत होती.

मी टोकाला पोचले तेव्हा मालूची निम्मी वलांडी अजून भरलेली होती. भरलेल्या वलांडीवर वारा शिडावर बसतो तसा बसतो. कोपऱ्यातला बांबू करकरला आणि पूर्वेकडे, भिकीच्या वलांडीवर झुकला. मालूने बोंबील टाकले आणि बांबूला खांदा दिला.

"निलम, मागे हो!" मी किंचाळले. ती चौकटीखाली उभी राहून दोऱ्या सोडवत होती. "निलम!"

"आई, तू धर ना तो दुसरा!"

मी दुसरा बांबू धरला. तळहातांतून तो ओढून निघतो आहे असं वाटलं. त्या वेळी मला एकदम दिसलं, समुद्राकडून सुरुवात का करायची ते. टोकाची भरलेली चौकट पडली की ती दुसरीवर पडणार, दुसरी तिसरीवर, आणि सगळ्या दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या. मालूवर उपकार म्हणून तो नियम कुणी केला नव्हता. मालू यायच्या आधीपासून तो होता. आम्ही त्याचं कारण विसरलो होतो, उपकार तेवढा लक्षात ठेवला होता.

मालूचे पाय वाळूत रुतत होते. बांबू धरला तर बोंबील जातात, बोंबील काढले तर बांबू जातो. तिने मान वळवली आणि वाऱ्यात ओरडली, "काकी! मी सोडते आहे!"

सोनीकाकीने वर बघितलं.

"ऐकलंस? मी सोडते आहे बांबू! आपापलं बघा!"

मी मालूच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती खोटं बोलत नव्हती. तिने खरंच सोडला असता. निलम अजून चौकटीखाली होती.

काकीची नजर मालूच्या बांबूवरून भिकीच्या वलांडीवर, तिच्यावरून पुढच्या, तिथून आपल्या वलांडीवर आली. मग तिने हातातले बोंबील तिथेच टाकले. "भिकी! इकडे ये, मेले! समुद्राकडून! सगळ्या समुद्राकडून!"

त्या आल्या. कुणी मालूच्या प्रेमाने आली असं मी म्हणणार नाही. पण आल्या. आठ जणी, निलम आणि मी. वलांडी बघता बघता रिकामी झाली, वारा चौकटीतून आरपार जायला लागला आणि बांबू सरळ झाला. मग भिकीची. मग पुढची. पाऊस आला तेव्हा अर्धं खळं काढून झालं होतं. मागच्या रांगा भिजल्या. सोनीकाकीची निम्मी वलांडी त्यात गेली.

आम्ही जाळ्यांच्या शेडमध्ये उभ्या होतो, निथळत. पत्र्यावर पाऊस असा पडत होता की जवळचं बोलणंही ओरडून बोलावं लागे. काकीने आपल्या भिजलेल्या बोंबलांची टोपली पायाने बाजूला सारली.

"दहा बोंबील ठेवून घेतलेस," ती मालूला म्हणाली, "आणि वर आम्हालाच धमकी?"

मालू केस पिळत होती.

माझ्याशेजारी निलम हलली. मी तिचं मनगट धरलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातावर दोरीचा लाल वळ उठला होता आणि माझी बोटं नेमकी त्यावर होती. आत्ताच ती त्या चौकटीखाली उभी होती. लोक काय म्हणतील याची भीती मला वाटत होती, अजूनही वाटते. पण मालूचं उद्यापासून काय होणार, ते मी धरलेल्या त्या मनगटावर अवलंबून होतं. मी हात सोडला.

"काकी, टोपलीत बत्तीस निघाले होते," निलम म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. आठजणींचे मिळून बत्तीस. सगळ्यांनी सगळे टाकले असते तर ऐंशी झाले असते. प्रत्येकीला वीस मिळाले असते. आठ मिळाले."

भिकी बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे मालूचे दहा सोडले तरी सत्तर..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली, बोटं पदरात लपवली.

कुणी कुणाकडे बघेना. मी मनात म्हटलं, संपलं. हे खळं आता कधीच पूर्वीसारखं होणार नाही, आणि आमच्या घराने ते मोडलं.

मग मालू हसायला लागली. आधी हळू, मग जोरात, टोपलीवर हात टेकून. "अगो, माझ्या शेपट्या वाकड्या आणि तुमच्या सरळ, एवढंच काय ते!"

भिकीला हसू आलं, तिने ते दाबायचा प्रयत्न केला आणि जास्तच फुटलं. आणखी कुणीतरी हसलं. सोनीकाकी हसली नाही. ती पावसाकडे बघत होती.

"मला कालवणाला चार हवे होते," ती शेवटी म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. मग घसा खाकरून, "उद्यापासून समुद्राकडून. आधीसारखं."

"आणि पाळ्या?" मालू म्हणाली.

"पाळ्यांचं काय?"

"माझी मी करीन. दुसऱ्या कुणाची नाही. कुणाला जायचं असेल तर तिने माझी एक पाळी करायची, मग मी तिची करीन."

काकीने तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता पुन्हा भडकणार. "लई शहाणी झालीस."

"टोकाला बसून होतं माणूस."

"मालूताई," मी म्हणाले, "माझी मधली जागा रिकामीच आहे. तुम्ही घ्या."

मला वाटलं होतं ती आनंदेल. ती म्हणाली, "नको वहिनी. तीपण दिलेलीच होईल. टोकाला वारा चांगला लागतो. लवकर सुकतात."

आणि मग काकी माझ्याकडे वळली. ती वळेल हे मला माहीत असायला हवं होतं. "संगिता, तुझी जागा मधोमध पडून आहे. सासू गेल्यापासून एक दिवस राखणीला बसलीस? फुकटे कोण कोण ते तुझ्या मुलीने लिहिलंय ना वहीत? तुझं नाव घातलंय का तिने?"

आता मात्र सगळ्याच हसल्या. निलमसुद्धा.

म्हणून उद्या पाळी माझी आहे. शाळेतून रजा घेतली आहे. डबा आत्ता दाराशी ठेवलाय, मालूने संध्याकाळी आणून दिला. मी तिला विचारलं, "साधा ढग कुठला आणि पावसाचा कुठला, मला ओळखता नाही आला तर?"

"घाबरलात की वाजवा."

"मी तर नेहमीच घाबरते, मालूताई."

"मग आम्हाला झोप नाही उद्या," ती म्हणाली आणि गेली.

मोबाइलवर पुन्हा इशारा आला आहे. मी दोनदा उठून खिडकीतून समुद्राकडे बघितलं. काही दिसत नाही. टोकाच्या वलांडीवर मालूने आज नवा माल घातलाय, आणि उद्या सकाळपासून दुपारपर्यंत तो माझ्या भरवशावर आहे.